'इग्रीजस' हा शब्द मुळापासून कसा सोडवायचा, आणि त्याच पद्धतीने बाकीचे अवघड इंग्रजी शब्द

आपल्याकडची लेकरं, मग ती लातूरच्या क्लासमधली असोत की परभणी-हिंगोलीच्या अभ्यासिकेत बसणारी, इंग्रजी शब्द लिस्टमधून पाठ करायलीत. पीडीएफमधे डावीकडे शब्द, उजवीकडे एका ओळीचा अर्थ, आणि अशी पानंच्या पानं. मेहनत खूप असते पण शब्द टिकत नाही, आणि टिकला तरी वापरता येत नाही, कारण त्या एका ओळीत शब्दाचा स्वभाव कुठे असतो? म्हणून इथे एकच शब्द घेतो आणि तो शेवटपर्यंत सोडवून दाखवतो, म्हणजे पुढचा शब्द तुमचा तुम्हाला सोडवता येईल. शब्द आहे इग्रीजस. स्पेलिंग ई-जी-आर-ई-जी-आय-ओ-यू-एस. हे विशेषण आहे, रोजच्या बोलण्यात फारसं येत नाही पण इंग्रजी पेपरच्या अग्रलेखात, कोर्टाच्या निकालात आणि परीक्षेच्या पॅसेजमधे नक्की भेटतं.

आधी उच्चार नीट करून घ्या, कारण जो शब्द तोंडात बसत नाही तो डोक्यातही बसत नाही. बरेचजण 'एग्रेगिअस' म्हणतात. बरोबर उच्चार इ-ग्री-जस, जोर मधल्या 'ग्री'वर. यात दोन जी आहेत, पहिल्याचा ग होतो आणि दुसऱ्याचा ज. इंग्रजीत जीच्या पुढे ई किंवा आय आला की बऱ्याचदा त्याचा ज होतो (जनरल, जायंट, मॅजिक), आणि पुढे आर, ए, ओ असलं की ग राहतो (ग्रीन, गॅस, गोल). हा नियम सगळीकडे चालत नाही, 'गेट' आणि 'गिफ्ट' लगेच आडवे येतात, पण लॅटिनमधून आलेल्या शब्दांना तो बऱ्यापैकी लागू पडतो आणि आपला शब्द लॅटिनचाच आहे.

आता शब्द फोडायचा. फोडताना शेपटाकडून सुरुवात करा, ते सोपं जातं. शेवटचं '-अस', म्हणजे ओ-यू-एस, हा विशेषण करणारा प्रत्यय आहे, डेंजरस, फेमस, नर्व्हस यांच्या शेवटी आहे तोच. तो बाजूला ठेवा. सुरुवातीचा 'ई' हा लॅटिन 'एक्स'चा आखूड झालेला भाग, अर्थ 'बाहेर' किंवा 'मधून'. इलेक्ट म्हणजे बाहेर काढून निवडणं, इजेक्ट म्हणजे बाहेर फेकणं, इरप्ट म्हणजे फुटून बाहेर येणं, या सगळ्यांत तोच ई आहे. मधे उरलं 'ग्रेग'. लॅटिनमधे 'ग्रेक्स' म्हणजे कळप, आणि विभक्ती लागली की त्याचं रूप 'ग्रेगिस' होतं. तेव्हा आख्खा शब्द झाला: कळपातून बाहेर आलेला, कळपात उठून दिसणारा.

इथे थोडं थांबा, कारण आपल्या भागातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. ग्रेक्स हा शब्द लॅटिनमधे मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांच्या कळपाला वापरायचे, गाई-बैलांसारख्या मोठ्या जनावरांच्या खांडाला त्यांच्याकडे 'आर्मेन्टुम' असा वेगळा शब्द होता. आता बाजारात उस्मानाबादी शेळ्यांचा कळप उभा आहे असं समजा, सगळ्या काळ्याभोर, सगळ्या सारख्याच, आणि जाणत्या माणसाची नजर मात्र बरोबर एकीवर जाऊन थांबते, तिची उंची, कान, कास, चाल बघून तो म्हणतो ही बाजूला काढा. ती बाजूला काढलेली म्हणजे 'एग्रेगिउस'. रोमन लोक हा शब्द कौतुकाने वापरायचे, असामान्य, नामांकित, निवडक या अर्थाने. आणि याच्या उलट, साध्या शिपायाला ते 'मिलेस ग्रेगारिउस' म्हणायचे, म्हणजे कळपातला सैनिक. कळपात राहिला तो सामान्य आणि कळपाबाहेर उठून दिसला तो थोर, असा सरळ हिशोब.

मग आज डिक्शनरीत 'अत्यंत वाईट' असा अर्थ कसा काय? शब्दाची खरी मजा इथे आहे, आणि लिस्ट पाठ करणाऱ्याला नेमकी हीच कळत नाही. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात, साधारण 1530 च्या दशकात आला तेव्हा चांगला अर्थच घेऊन आला होता, एखाद्या विद्वानाला इग्रीजस म्हटलं तर तो मान होता. त्याच शतकाच्या अखेरीस लोक तो उपरोधाने वापरायला लागले. 'वा, काय थोर मूर्ख आहे', अशा सुरात. उपरोध इतक्या वेळा झाला की हळूहळू तोच मुख्य अर्थ होऊन बसला आणि कौतुक मागे पडलं. सॅम्युअल जॉन्सनची प्रसिद्ध इंग्रजी डिक्शनरी 1755 ची, तिच्यात दोन्ही अर्थ दिलेले आहेत, थोर हाही आणि ठळकपणे वाईट हाही. आज पहिला अर्थ डिक्शनरीत दिसलाच तर त्याच्यापुढे 'जुना वापर' अशी खूण असते. इटालियन भाषेत मात्र त्याच लॅटिन शब्दाचं 'एग्रेजो' हे रूप अजून मानाचं आहे, तिकडे औपचारिक पत्राची सुरुवात 'एग्रेजो सिन्योरे' अशी करतात, आपण 'माननीय महोदय' लिहितो तसं. एकाच आईची दोन लेकरं, एक मान मिळवतंय आणि दुसरं शिवी होऊन बसलंय.

हे उलटं फिरणं परकं वाटत असेल तर आपल्या घरातलं बोलणं ऐका. 'तुमच्या चिरंजीवांचे प्रताप बघा' असं शेजारी म्हणाला तर कोणी आनंदाने पेढे वाटत नाही. प्रताप म्हणजे तेज, शौर्य, पण घरात हा शब्द आला की काहीतरी फुटलेलं असतं नाहीतर मास्तरांचा निरोप आलेला असतो. 'गुण उधळले', 'दिवे लावले', 'पराक्रम केला', 'मोठा शहाणा लागून गेलास', सगळी हीच तऱ्हा, शब्द चांगला आणि मारा वाईट. इग्रीजसचं इंग्रजीत तेच झालं, फक्त तिथे चांगला अर्थ परत यायला जागाच उरली नाही.

याहून मोठं उदाहरण सम्राट अशोकाचं आहे. त्याच्या शिलालेखांत तो स्वतःला 'देवानंपिय' म्हणवतो, देवांचा लाडका. मस्कीचा शिलालेख 1915 मधे सापडला, तेव्हा मस्की आपल्या मराठवाड्यासारखंच निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि त्या लेखात देवानंपिय या पदवीसोबत अशोक हे नावही कोरलेलं असल्यामुळे हा देवानंपिय म्हणजे अशोकच हे पक्कं व्हायला मदत झाली. एवढी राजाची पदवी, आणि पुढच्या काळातल्या संस्कृत व्याकरणकारांनी 'देवानांप्रिय' या शब्दाचा अर्थ काय नोंदवला, तर मूर्ख! शब्दाचं नशीब असं फिरतं, म्हणून मुळातला अर्थ सापडला की शब्द समजला असं धरून चालायचं नाही. मूळ सांगतं शब्द कुठून निघाला, आज तो कुठे राहतो हे वेगळं बघावं लागतं.

ते बघायचं कसं, तर शब्दाची संगत बघायची. इग्रीजसच्या शेजारी इंग्रजीत कोणते शब्द बसतात? एरर, मिस्टेक, व्हायोलेशन, ब्रीच, अब्यूज, कंडक्ट. म्हणजे चूक, नियमभंग, गैरवापर, वागणूक. सगळीकडे कोणाचा तरी दोष आहे आणि तो दोष लपलेला नाही, डोळ्यात भरतोय. म्हणून 'इग्रीजस फूड' चालत नाही, जेवण कितीही बेचव असो. 'इग्रीजस वेदर' पण नाही, मे महिन्यातलं नांदेड कितीही तापलेलं असो. दुष्काळ भयंकर असतो, तो इग्रीजस नसतो, कारण पावसाने कोणता नियम मोडलेला नसतो. पण दुष्काळात टँकरच्या खेपा फक्त कागदावर दाखवून कोणी बिलं उचलली तर ते इग्रीजस. हा फरक एकदा कळला की शब्द तुमचा झाला.

संगत शोधायला गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर फुकट आहे, छापील पुस्तकांत कोणता शब्द कोणत्या काळात किती आला ते तिथे दिसतं. सर्चच्या चौकटीत इंग्रजीत इग्रीजस टाइप करायचं, मग एक स्पेस आणि मग फुलीसारखी चांदणी, की त्याच्या पुढे सगळ्यात जास्त येणारे शब्द ते काढून देतं. मोबाइलवर पण चालतं. व्युत्पत्तीसाठी एटिमऑनलाइन नावाची साइट चांगली आहे, अर्थासाठी मेरियम-वेबस्टर, आणि दोन्ही फुकट. कोणत्या एकाच साइटवर विसंबू नका, निदान दोन ठिकाणी बघा. अजून एक, व्युत्पत्ती बघताना एखाद्या मुळाच्या आधी चांदणीची खूण दिसली तर त्याचा अर्थ हे मूळ कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी भाषांची तुलना करून ते बांधलेलं आहे. एनग्रॅमची चांदणी वेगळी आणि ही वेगळी, गोंधळ करू नका.

कायद्याची पोरं हे वाचत असतील तर त्यांना हा शब्द आणखी जवळचा आहे. बँक गॅरंटीचे पैसे देण्यावर स्टे मागायचा तर सुप्रीम कोर्टाच्या निकालांत एक कसोटी पुन्हा पुन्हा येते, 'फ्रॉड ऑफ अॅन इग्रीजस नेचर'. साधी फसवणूक झाली म्हणून भागत नाही, सगळा व्यवहारच नासवून टाकेल एवढी ढळढळीत फसवणूक दाखवावी लागते (भरून न येणारा अन्याय होणार असेल तर तो अपवाद वेगळा आहे). इथे इग्रीजस हा शोभेचा शब्द नाही, केस त्याच्यावर तुटते. औरंगाबाद खंडपीठात वकिली करायचं ठरवलेल्या कोणीही हा शब्द 'खूप वाईट' एवढ्यावर सोडू नये.

मराठीत काय म्हणायचं? एका शब्दाला एक शब्द असा हट्ट धरू नका, शेजारचा शब्द बघून ठरवा. इग्रीजस एरर असेल तर घोडचूक, आपला हा शब्द इतका नेमका आहे की दुसरा शोधायची गरजच नाही. इग्रीजस लाय असेल तर धडधडीत खोटं. व्हायोलेशन असेल तर ढळढळीत उल्लंघन, आणि वागणुकीबद्दल असेल तर अक्षम्य. 'घोर' बऱ्याच ठिकाणी चालतो पण त्यात उठून दिसण्याचा भाग येत नाही, फक्त मोठेपणा येतो, म्हणून मला ढळढळीत जास्त जवळचा वाटतो.

आता या कष्टाचं फळ. कळप म्हणजे ग्रेक्स हे एकदा हाताला लागलं की बाकीचे शब्द आपोआप उघडतात. ग्रिगेरिअस म्हणजे कळपात रमणारा, आधी हा शब्द प्राण्यांबद्दल होता आणि मग माणसांबद्दल झाला, म्हणजे माणसांत मिसळणारा, चार लोकांत खुलणारा (यात दोन्ही जी ग च राहतात, दुसऱ्याच्या पुढे ए आहे, वरचा नियम आठवा). सेग्रिगेट म्हणजे कळपातून वेगळं काढणं, नगरपालिकेची गाडी ओला आणि सुका कचरा वेगळा मागते ते सेग्रिगेशन. काँग्रिगेट म्हणजे एकत्र जमणं. अॅग्रिगेट म्हणजे कळपात आणून घालणं, म्हणून सगळ्या विषयांचे मार्क एकत्र केले की अॅग्रिगेट, आणि सिव्हिलवाल्यांच्या भाषेत काँक्रीटमधली खडी-वाळू पण अॅग्रिगेटच. डिग्रीवरचं अॅग्रिगेट आणि साइटवरची खडी एकाच मेंढवाड्यातून निघालेत हे कळल्यावर कोण विसरेल सांगा.

पण इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. ग्रे दिसला की कळप, असं करायला लागलात तर घोटाळा होईल. काँग्रेस, प्रोग्रेस, अॅग्रेशन आणि इग्रेस हे शब्द कळपातले नाहीत. ते लॅटिन 'ग्रादी' म्हणजे पाऊल टाकणं, चालणं या क्रियापदापासून आलेत. काँग्रेस म्हणजे चालत येऊन एकत्र भेटणं, प्रोग्रेस म्हणजे पुढे चालणं, इग्रेस म्हणजे बाहेर पडणं किंवा बाहेरची वाट. ग्रॅज्युएट आणि ग्रेड पण त्याच पायरीवरचे. इग्रेस आणि इग्रीजस दिसायला सख्खे भाऊ वाटतात पण त्यांचा काही संबंध नाही. ओळखायची खूण अशी की ग्रे नंतर दोन एस आले तर पाऊल, आणि जी आला तर बहुतेक कळप. बहुतेक एवढ्याचसाठी म्हणतो की ग्रेगोरिअन कॅलेंडर मधे उभं आहे. त्याला नाव मिळालं ते 1582 मधे पंचांगसुधारणा करणाऱ्या तेराव्या पोप ग्रेगरीवरून, आणि ग्रेगरी हे नाव ग्रीक भाषेतल्या 'जागं राहणं' या क्रियापदातून येतं, कळपातून नाही. त्या ग्रीक धातूचा नातेवाईक संस्कृतमधे 'जागृ' आहे, म्हणजे नवरात्रात तुळजापूरला देवीचा जागर होतो त्या जागराचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या नावाचं लांबचं नातं निघतं. हे मला फार सुंदर वाटतं, आणि शब्द तपासून बघायची सवय नसती तर आपण ग्रेगरीला सरळ मेंढ्यांत ढकलून मोकळे झालो असतो.

मराठी-संस्कृत कानावर असलेल्या माणसाला इंग्रजी शब्द शिकताना एक फायदा आहे, तो आपण घेत नाही. काही व्युत्पत्तीकोश संस्कृत 'ग्राम' हा शब्द ग्रेक्सच्याच घराण्यात बसवतात. वेदांच्या भाषेत ग्राम म्हणजे माणसांचा जथा असाही अर्थ होता, आणि जथे समोरासमोर आले की संग्राम. आपलं 'गाव' ग्रामातूनच आलं. म्हणजे आपण गाव म्हणतो आणि रोमन मेंढपाळ ग्रेक्स म्हणायचा, दोन्हीच्या मागे गोळा होणं हेच असावं. असंच 'गोष्ट' बघा. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा, त्याचाच आपला गोठा झाला. गोष्ठी म्हणजे जमलेली मंडळी, मग त्या मंडळींचं बोलणं, आणि शेवटी मराठीत गोष्ट. जनावरांच्या जागेतून माणसाच्या बोलण्यापर्यंत शब्द कसा चालत येतो ते घरच्या घरी दिसलं. मराठी शब्दांची अशी मुळं बघायची असतील तर कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश (1946) जिल्हा ग्रंथालयात विचारा, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे, तो शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो.

वहीत लिहायचं कसं ते पण सांगतो. शब्दाला अर्धं पान द्या, एक ओळ नाही. वर शब्द आणि उच्चार देवनागरीत, खाली फोड, मग जुना अर्थ, मग आजचा अर्थ, मग संगतीतले दोन-तीन शब्द, आणि शेवटी तुमचं स्वतःचं वाक्य तुमच्या गावातलं. डिक्शनरीतलं वाक्य उतरवून घेऊ नका. 'जिवंत माणसाचं नाव मतदार यादीतून मृत म्हणून काढून टाकणं ही इग्रीजस चूक आहे' असं वाक्य करा, कारण त्यात कोणाची तरी जबाबदारी आहे आणि चूक ढळढळीत आहे, शब्दाच्या दोन्ही अटी पूर्ण होतात. बाजूला त्या कुळातले बाकीचे शब्द आणि लाल पेनने फसवे शब्द, म्हणजे इग्रेस आणि ग्रेगरी. दिवसाला असा एक शब्द झाला तरी खूप आहे, घाई करू नका.

सरावाला एक शब्द देतो, तोही जनावरांचाच आहे. इम्पिक्यूनिअस, स्पेलिंग आय-एम-पी-ई-सी-यू-एन-आय-ओ-यू-एस. शेपूट ओळखीचं आहे, काढून टाका. सुरुवातीचा 'इम' म्हणजे नाही, इम्पॉसिबलमधला. मधे राहिलं 'पेकुनिआ', लॅटिनमधे पैसा, आणि तो शब्द आला 'पेकुस' म्हणजे गुराढोरांपासून, कारण एके काळी गुरं हीच संपत्ती होती. पेकुस आणि संस्कृत 'पशु' हे एकाच मुळाचे, आणि आपलं सरकारी खातंसुद्धा 'पशुधन' म्हणतंच. तेव्हा इम्पिक्यूनिअस म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. आता संगत तुम्ही शोधा, हा शब्द माणसाला लागतो का वस्तूला, आणि 'गरीब' आणि हा यांच्यात फरक काय पडतो ते एनग्रॅमवर बघा. आणि ते झालं की 'पिक्यूलिअर' घ्या, कारण विचित्र या अर्थाचा हा रोजचा शब्दसुद्धा त्याच पेकुसपासून निघालाय, आधी स्वतःच्या मालकीचं, मग फक्त स्वतःपुरतं, मग इतरांपेक्षा वेगळं, आणि मग विचित्र. मधल्या पायऱ्या दोन डिक्शनऱ्या समोर ठेवून तपासून बघा.